"बाई, याचे किती पॉइंट?"

ताई, नमस्कार.

मी कोपरखैरण्यातल्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवते. नोकरीचं हे तिसरं वर्ष. वर्गाचा पट ४६. बहुतेक मुलं माथाडी कामगारांची, काही रिक्षावाल्यांची. जूनमध्ये वर्ग हातात आला तेव्हा रोज बाजार भरलेला असायचा. म्हणून भिंतीवर पॉइंटचा तक्ता लावला. वेळेवर आलं, गृहपाठ केला, बोट वर करून बोललं की पॉइंट. उशीर, गोंधळ, मारामारी झाली की मायनस. १० पॉइंटला पेन्सिल, २५ ला खोडरबर आणि शार्पनर, ५० ला एक दिवस 'वर्गाचा राजा' किंवा 'राणी'. ऑगस्टपर्यंत जादू झाली. मुख्याध्यापिका बाईंनी तक्त्याचा फोटो काढून बाकीच्या वर्गांना दाखवला.

दिवाळीनंतर सगळं फिसकटलंय. फळा पुसायला सांगितलं तरी "बाई, याचे किती पॉइंट?" दिवसभर चहाड्या. दर शनिवारी मी तक्ता पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते, तर एका आईने रात्री साडेदहाला फोन करून विचारलं, शेजारच्या मुलीला तीन पॉइंट जास्त कसे? एक मुलगा उणे ३७ वर आहे. तो वाईट नाही हो, पण मधल्या सुट्टीनंतर जागेवर बसतच नाही. त्याचे वडील मार्केटला कामाला आहेत. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "बाई, नगावर पैसे आम्ही घेतो. पोरानं पण नगावरच शिकायचं का?" मला काही बोलता आलं नाही. महिन्याला ४०० रुपये खिशातून जातात ते वेगळंच. तक्ता काढून टाकू का? काढला तर परत जून महिना सुरू होईल, याची धास्ती वाटते.

– चौथीच्या बाई, कोपरखैरणे

चौथीच्या बाई,

तुला अगं-तुगं करते, रागावू नकोस. ठाण्याला नौपाड्यात मीही अठरा वर्षं 'चौथीच्या बाई' याच नावाने ओळखली गेले. अजूनही गोखले रोडला एखादा टक्कल पडलेला गृहस्थ "बाई, ओळखलंत का?" म्हणत पुढ्यात येतो आणि मला त्या चेहऱ्यात नऊ वर्षांचा मुलगा शोधावा लागतो.

आधी उत्तर देऊन टाकते. तक्ता काढायचा, पण एका दिवसात नाही. दोन गोष्टी मात्र उद्याच बंद कर. मायनस पुसून टाक, सगळ्यांचे, परिपाठाच्या आधी. आणि शनिवारचा ग्रुपवरचा फोटो पुन्हा टाकायचा नाही. बाकीचं सावकाश करू.

तुला एकटं वाटू नये म्हणून माझी फजिती सांगते. तीसेक वर्षांपूर्वी मीसुद्धा हे केलं होतं. पुठ्ठ्याची कुपनं कापली, त्यांच्यावर ग्रंथालयाचा शिक्का मारला, आणि शनिवारी कुपनं वठवायची असं ठरवलं. महिन्याभरात पाण्याच्या टाकीमागे बाजार सुरू झाला. एका कुपनाला अर्धा वडापाव. सोमवारी भाव पडलेला असायचा, शुक्रवारी चढायचा. गृहपाठ करणाऱ्या मुली कुपनं कमवायच्या आणि मस्ती करणारे पोरगे ती विकत घ्यायचे, त्यामुळे शनिवारी बक्षिसं भलत्यांनाच जायची. कळस म्हणजे एकाने बटाटा कोरून हुबेहूब शिक्का बनवला. 'ग्रंथालय'मधला 'थ' उलटा उमटला म्हणून सापडला, नाहीतर वर्षभर कळलं नसतं. मी त्याला भरपूर बोलले. आता वाटतं, त्या सत्रातलं कार्यानुभवाचं सगळ्यात चांगलं काम त्यानेच केलं होतं.

तुझी ऑगस्टपर्यंतची जादू मात्र खोटी नव्हती. पॉइंटने वागणं बदलतं, हे खरंच आहे. १९६०च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या एका मनोरुग्णालयात टिओडोरो आयलॉन आणि नेथन अझरिन या मानसशास्त्रज्ञांनी हा प्रयोग पद्धतशीर केला. तिथल्या बायका टोकन मिळायला लागल्यावर अंथरूण आवरू लागल्या, स्वयंपाकघरात हात लावू लागल्या. टोकनं साठवून दुकानातली वस्तू घ्यायची, बाहेर फेरफटका मारायची परवानगी घ्यायची. टोकन बंद केलं की काम थांबायचं, सुरू केलं की पुन्हा काम सुरू. आपल्या वह्यांवरचे तारे, आणि २०११ साली निघालेलं ते क्लासडोजो ॲप, ज्यात बाईंनी बोट लावलं की पॉइंट थेट पालकांच्या फोनवर जातो, हे सगळं त्याच जातीचं.

पण जूनमध्ये तू आणखी दोन कामं केलीस, ती तुझ्या ध्यानात आलेली दिसत नाहीत. 'नीट वागा' असं मोघम न सांगता तू नेमकं सांगितलंस: बोट वर करा, वेळेवर या, वही दाखवा. नऊ वर्षांच्या मुलाला 'नीट' म्हणजे काय ते कळत नाही, 'बोट वर' कळतं. दुसरं म्हणजे, पॉइंट द्यायचा म्हणून तू दिवसभर चांगलं वागणारं मूल शोधत होतीस. कुणी दप्तर जागेवर ठेवलं की तुझी मान तिकडे वळायची. आपण बाया एरवी काय करतो? शांत बसलेल्या चाळीस जणांकडे पाठ आणि दंगा करणाऱ्या सहांकडे तोंड. तक्त्याने तुझं तोंड चाळीसांकडे वळवलं. मुलं पेन्सिलीसाठी जेवढी सुधारली, तेवढीच, कदाचित जास्तच, बाईंचं लक्ष गेलं म्हणून सुधारली.

मग दिवाळीनंतर काय झालं? माझा अंदाज असा की तू मुलांकडे बघायची थांबलीस आणि तक्त्याकडे बघायला लागलीस. ४६ मुलांचे रोजचे अधिक-उणे लिहायचे, बेरजा करायच्या, भांडणं सोडवायची, शनिवारी फोटो काढायचा. हा कारकुनी धंदा आहे. तुझ्या पत्रात कोण किती पॉइंटवर आहे ते आहे, पण कोण काय छान लिहायला लागलं याबद्दल एक ओळ नाही. दोष देत नाही, माझंही हेच झालं होतं.

आता त्या वडिलांचा प्रश्न. तुला उत्तर सुचलं नाही म्हणतेस, पण मला त्या प्रश्नात पूर्ण पाठ दिसतो.

गोणी मोजता येते. पन्नास गोण्या उतरल्या की पन्नास नग, त्यात वाद नाही. वर्गातलीही काही कामं गोणीसारखी असतात: वह्या गोळा करणं, चपला रांगेत लावणं, घंटेनंतर दोन मिनिटांत जागेवर बसणं. ती मोजलीस तर कुणाचं काही बिघडत नाही. पण गोष्ट वाचणं, प्रश्न विचारणं, शेजारच्याला गणित समजावणं, चित्र काढणं, हे नगावर घ्यायचं काम नव्हे. १९७३ साली मार्क लेपर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत ज्यांना चित्रं काढायला आधीपासून आवडायचं अशी मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काहीच न सांगता शेवटी अचानक तेच दिलं. काहींना काही दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी खेळाच्या तासाला स्केचपेनं नुसती मांडून ठेवली. आधी आमिष दाखवलेली मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्र काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं.

म्हणजे बघ, बिघाड बक्षिसाने होत नाही, ठरलेल्या सौद्याने होतो. आणि तोही आवडीच्या कामात. मुळात कंटाळवाण्या कामाला बक्षीस लावलं तर आवड मरत नाही, कारण मरायला आवड होतीच कुठे? त्यावर तज्ज्ञांची बरीच वर्षं भांडणं झाली, पण एवढ्यापुरतं दोन्ही बाजूंचं फारसं वाकडं नाही. तुझ्या तक्त्यावर वाचनाला, चित्रकलेला किंवा 'मदत केली' याला पॉइंट असतील तर ते आधी काढ. फळा पुसण्याचं काय करू, विचारशील. "याचे किती पॉइंट?" असं विचारलं की भाषण देऊ नकोस. "काही नाही. डस्टर घे." एवढंच म्हण आणि दुसऱ्या कामाला लाग. तिसऱ्या दिवशी विचारायचे थांबतील. एखाददुसरा नाही थांबणार. त्याला फळा पुसायला सांगू नकोस, दुसऱ्या कुणाला सांग.

नगाच्या हिशोबातली दुसरी गोष्ट त्या वडिलांनाच विचार, ते तुझ्या-माझ्यापेक्षा नीट सांगतील. मार्केटात काम टोळीचं असतं. पैसे टोळीच्या नावावर लागतात आणि आपसात वाटले जातात. कोणी किती गोण्या उचलल्या असा तक्ता भिंतीवर कोणी टांगत नाही. टांगला असता तर पाठीत उसण भरलेल्या वयस्क माथाड्याचं काय झालं असतं, विचार कर. तुझ्या तक्त्यावर ४६ जणांची ४६ खाती आहेत, सगळ्यांसमोर, अंगठ्याएवढ्या अक्षरात. चहाड्या तिथून येतात, आणि साडेदहाचा फोनही तिथूनच.

म्हणून एकेकट्याचे पॉइंट बंद करून टोळ्या कर. याला आधार आहे. १९६९ साली अमेरिकेत कॅन्ससच्या संशोधकांनी चौथीच्याच एका वर्गात एक खेळ सुरू केला. २४ मुलं, दोन गट. कुणी न विचारता उठलं किंवा बडबडलं की त्याच्या गटाच्या नावावर फळ्यावर एक खूण. खुणा ठरलेल्या आकड्याच्या आत राहिल्या की गट जिंकला, दोन्ही गट एकाच दिवशी जिंकू शकत होते. बक्षिसं बिनपैशाची: जेवायला आधी रांग लावायची, दिवसाच्या शेवटी अर्धा तास आपल्या आवडीचं काही करायचं. वर्ग चटकन शांत झाला. खेळ थांबवल्यावर गोंगाट परत आला, तेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. या खेळाचे पुढे कितीतरी देशांत प्रयोग झाले.

तू सहा टोळ्या कर, बाकांच्या रांगेने नको, मिसळून. हुशार एका टोळीत, मठ्ठ दुसऱ्या टोळीत असं चुकूनही नको (हा शब्द आपण शिक्षकखोलीत वापरतो म्हणून लिहिला, तोंडात येऊ देऊ नकोस). टोळ्यांना नावं मुलांना ठेवू दे. मला एका वर्षी 'तलावपाळी', 'उपवन', 'येऊर' अशी सभ्य नावं मिळाली आणि पुढच्या वर्षी 'खतरनाक', 'डेंजर' आणि 'बाईंची टोळी'. खेळ दिवसभर नाही, फक्त मधल्या सुट्टीनंतरचा अर्धा तास. तेवढाच वेळ तुला त्रास होतोय, मग औषध तेवढ्यालाच. चार खुणांच्या आत राहणारी प्रत्येक टोळी जिंकली. बक्षीस म्हणून शेवटची दहा मिनिटं मैदानात लगोरी, किंवा तू एक गोष्ट सांगायची, किंवा दुसऱ्या दिवशी फळ्यावर सुविचार त्या टोळीने लिहायचा. सुविचाराला मुलं किती जीव टाकतात हे बघून तू थक्क होशील. खडू हातात मिळणं हेच त्यांना पुरतं.

दोन आठवड्यांनी रोज खेळू नकोस. कधी सोमवारी, कधी गुरुवारी, न सांगता. मग आठवड्यातून एकदा. द्वितीय सत्राच्या मध्यापर्यंत खेळ आपोआप विसरला जाईल, नाही विसरला तरी हरकत नाही. फक्त स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या की त्या पंधरवड्यात काही नवीन करायला जाऊ नकोस. त्या दिवसांत अख्ख्या महाराष्ट्रातल्या शाळांचा बाजार झालेला असतो.

एक धोका सांगून ठेवते. त्या १९६९च्या वर्गातही दोन मुलं सारखी खुणा मिळवून गटाला बुडवायला लागली, त्यांनी सरळ सांगून टाकलं की आम्ही नाही खेळत. शेवटी त्यांना गटाबाहेर ठेवावं लागलं. तुझ्या वर्गात ते मूल कोण असेल हे तुला आत्ताच माहीत आहे. टोळी त्याच्यावर तुटून पडेल, "तुझ्यामुळे हरलो" म्हणून. त्याला टोळीतून काढू नकोस. तो टोळीतच राहील, पण त्याच्या खुणा फळ्यावर लागणार नाहीत, त्या तुझ्या वहीत लागतील, हे पहिल्या दिवशीच सगळ्यांना सांग. मुलं विचारतील का? 'काही दिवस तसंच आहे' म्हण. मुलांना अन्याय चटकन कळतो, पण एखाद्याला सवलत का दिलीय हेही त्यांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त कळतं. (मस्तीखोराला मॉनिटर करायचा आपला जुना तोडगा कुणीतरी सुचवेलच. तो दोन दिवस चालतो. तिसऱ्या दिवशी मॉनिटर मुलांना पट्टीने मारायला लागतो.)

आता त्या उणे ३७ कडे येऊ, कारण मला पत्रातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

उणे ३७ वर असलेल्या माणसाला आणखी एक मायनस लावला तर काय फरक पडतो? पेन्सिल मिळवायला त्याला ४७ पॉइंट हवेत. इतकं कर्ज झालेला माणूससुद्धा हिशोब बघायचं सोडून देतो, हे तर पोर. तक्ता त्याच्यासाठी कधीच संपलाय, फक्त त्याची बदनामी भिंतीवर उरलीय, आणि दर शनिवारी ती ४६ घरांत पोचतेय. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. तुला धाक घालायला सांगत नाही, तुझा हेतू मला कळतो. पण छडी गेली म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकला आणि भिंतीवर नावं टांगली, असं व्हायला नको.

तू लिहिलंयस, मधल्या सुट्टीनंतर तो बसत नाही. म्हणजे सुट्टीआधी बसतो! मग हा मुलगा बेशिस्त कसा? अर्धा दिवस शिस्त आणि अर्धा दिवस नाही, असं बेशिस्त मूल नसतं. त्या वेळी काहीतरी घडतंय. सात दिवस एक काम कर. वहीच्या पानावर तीन रकाने आख. तो उठला त्याच्या आधी काय झालं, त्याने नक्की काय केलं, आणि त्यातून त्याला काय मिळालं. 'गोंधळ केला' असं लिहू नकोस, 'खिडकीशी गेला', 'पुढच्याचं दप्तर ओढलं' असं लिही. किती वाजता तेही लिही.

सुट्टीनंतरचा, पाचवा तास कशाचा असतो? मराठी वाचनाचा असेल तर बघ त्याला वाचता येतं का. चौथीत येऊनही जोडाक्षरांशी अडणारी मुलं कमी नसतात, आणि आपल्याला वाचता येत नाही हे ४५ जणांना कळण्यापेक्षा मस्तीखोर म्हणवून घेणं त्यांना परवडतं. बाई ओरडून बाहेर उभं करतात, वाचायची पाळी टळते. मग तुझी शिक्षा हेच त्याचं बक्षीस. सुट्टीत तो पोषण आहाराची खिचडी खातो का, की ताट घेऊन नुसता फिरतो? भाजी मार्केटचं काम पहाटेच सुरू होतं, त्यामुळे काही घरांत सगळं घर मध्यरात्रीच जागं होतं. तो किती वाजता उठतो, ते विचार. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला आलं त्या दिवशी तो हजर होता का, तेही हजेरीपत्रकात बघ. डोळे, कान, दोन्ही.

आणि तो बसतो कुठे? माझ्याकडे एक मुलगा होता, दुपारी हमखास जागेवरून उठायचा. आठवडाभर मी त्याला उभं केलं, मॉनिटरकडून नाव लिहून घेतलं, आईला बोलावलं. एकदा त्याच्या बाकावर वह्या तपासायला बसले तेव्हा पश्चिमेच्या खिडकीतून साडेतीनचं ऊन थेट माझ्या डोळ्यांत आलं. बाक दीड फूट सरकवला. तो बसला. एवढंच होतं. त्याने मला कधी सांगितलं नाही, कारण मीही कधी विचारलं नव्हतं.

ठाणे जिल्हा एकसंध होता तेव्हा डहाणूजवळचं कोसबाड आपल्याच जिल्ह्यात होतं. तिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी काम सुरू केलं. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी हजेरीला बक्षीस लावलं नाही, कुरणशाळा काढली. मुलं जिथे गुरं चारतात तिथे शाळा गेली. मूल का येत नाही हे आधी बघितलं म्हणून तो रस्ता सुचला. बी.एड., डी.एड.ला आपण यांची नावं पाठ करून परीक्षा देतो आणि वर्गात आल्यावर तक्ता लावतो. मीही लावलाच की.

या नोंदी तुझ्या दुसऱ्याही कामाच्या आहेत. मूल्यमापनाच्या वहीत वर्णनात्मक नोंदी तुला लिहाव्याच लागतात. खरं सांग, कुठून उतरवतेस? 'वर्गकार्यात उत्साहाने सहभागी होतो', 'नियमित गृहपाठ करतो', ही वाक्यं मी इतक्या शाळांच्या वह्यांत वाचलीत की त्यांना आता शासनमान्य प्रार्थना म्हणायला हरकत नाही. रोज पाच मुलांबद्दल एकेक खरी ओळ लिही, दहा दिवसांत ४६ होतात. तक्त्याला लागायचा त्यापेक्षा कमी वेळ जाईल. त्यातली एखादी ओळ त्या मुलाला तोंडी सांग, हळूच, बाकाशी जाऊन: "काल तू भागाकार खोडून परत केलास, मी बघितलं." जूनमध्ये तुझ्या पॉइंटने जे काम केलं त्यातलं निम्मं हे वाक्य करतं, आणि ते फुकट आहे.

मुख्याध्यापिका बाईंना तक्ता आवडलाय, त्यामुळे तिथे जपून जा. 'तक्ता चुकला' असं म्हणू नकोस, 'दुसरा टप्पा करतेय' म्हण. मायनस काढायचं कारण विचारलं तर कलम १७ दाखव, कायद्यापुढे कोणी वाद घालत नाही. आणि शक्य झालं तर त्यांना पाचव्या तासाला दारात येऊन उभं राहायला सांग, तक्त्याचा फोटो काढण्यापेक्षा तो देखावा बरा. पहिली ते पाचवीला कायद्याने ३० मुलांमागे एक शिक्षक हवा आणि तू ४६ सांभाळतेस, हेही बोलता बोलता निघू दे. त्याने शिक्षक येणार नाही, पण उद्या कुणी तुला 'वर्ग आवरत नाही' म्हणायच्या आधी ते बोललेलं असू दे.

ग्रुपवर एकच ओळ टाक: 'यापुढे पॉइंटचा तक्ता ग्रुपवर येणार नाही, मुलाबद्दल काही विचारायचं असल्यास शाळा सुटल्यावर भेटावे.' त्या साडेदहावाल्या आईला फोनवर समजावत बसू नकोस. तिला भेटायला बोलाव आणि तिच्या मुलीची एक खरी नोंद वाचून दाखव. तीन पॉइंटांचा विषय निघाला तर मला कळव, मला नाही वाटत निघेल.

त्या वडिलांनाही बोलाव, तक्रारीसाठी नव्हे. मुलाचा मायनस पुसलाय हे तूच सांग, त्यांना दुसऱ्याकडून कळायला नको. टोळीत पैसे कसे वाटतात ते वर्गाला येऊन पंधरा मिनिटं सांगाल का, असं विचार. मुलांच्या गणिताला ते भागाकाराचं उत्तम उदाहरण आहे, आणि मुलगा त्या तासाला कुठे बसतो ते बघ.

राहिला हिशोब. ज्यांचे पॉइंट साठलेत त्यांचे देऊन टाक. पै न पै. मुलांना बँक बुडाली असं वाटलं तर पुढची पाच वर्षं ती कुठल्याच बाईंच्या शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत. एक शनिवार ठरव, आठवडाभर आधी सांग, कुणी ४८ वर अडलेलं असेल तर दोन सोडून दे आणि राजा-राणीच्या रांगेत घे. मग तक्ता उतरव. मुलांच्या हातूनच उतरव, टाचण्या मोजून परत घे.

होय, त्यानंतर आठ-दहा दिवस गोंगाट वाढेल. जूनइतका नाही, पण वाढेल. तेव्हा घाबरून नवा तक्ता लावू नकोस.

आणि खोक्यात ज्या पेन्सिली, खोडरबर उरतील ते टेबलावर एका डब्यात ठेव. ज्याची पेन्सिल हरवली त्याने घ्यावी, सुटताना परत ठेवावी, विचारायचं नाही, पॉइंट नाही. पहिल्या आठवड्यात अर्ध्या गायब होतील. दुसऱ्या आठवड्यात आणखी काही जातील. बाकी ज्या तुकड्यांच्या रूपात परत येतील त्यांना टोक करून ठेवायचं काम तुझ्या त्या पाचव्या तासाच्या मुलाला दे, खिडकीशी उभं राहून. त्याला एवीतेवी उभंच राहायचं असतं.